कोणाची वीज स्वस्त

"ही कंपनी दिवसा महाग, रात्री स्वस्त," एजंटानं मोबाइल सुनेपुढे धरला. "शिवणकाम रात्री काढलंत तर परवडेल, ताई."

"म्हणजे दिवसा झोपायचं आणि रात्री जागायचं. माणसं राहतात इथं, वटवाघळं नाहीत," दारातून सासूबाई म्हणाल्या.

त्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. घराच्या मधोमध भिंत घातली त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, सुनेच्या घरात पाऊल टाकणार नाही. शब्द म्हणजे शब्द. पण बाहेर उभं राहून आत बघायचं नाही, असं काही त्या बोलल्या नव्हत्या.

भिंतीपलीकडे त्यांचा रेडिओ ठणाणा करत होता. भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, दिवसभर चालू. सेलांवर कोण पैसे घालणार म्हणून कायमचा प्लगला खोचलेला. सासूबाईंना गाणी आवडत नसत. सुनेला ती ऐकावी लागतात, एवढं त्यांना पुरत होतं.

सुनेनं मान वर केली नाही. दिव्याखाली बसून ती मशीन पायानं चालवत होती. मशीनची मोटर काढून कोपऱ्यात ठेवली होती. शर्टांच्या कॉलरी संध्याकाळी दुकानात पोचायला हव्या होत्या.

"आताच्या कंपनीचं बिल झेपत नाही, दादा," ती एजंटाला म्हणाली. "हा महिना हुकला तर लाइन कापतील. अंधारात काय शिवू? स्वस्तातली स्वस्त सांगा."

"पंखे किती?"

"तीन धरा."

"फ्रिज?"

"एक धरा."

एजंटानं खोलीभर नजर फिरवली. डोक्यावर एक पंखा, तोही बंद. लेकीच्या दुधाचं पातेलं गार पाण्यात ठेवलेलं. बाकीचं आतल्या खोलीत असेल, असं समजून त्यानं बोटं चालवली.

सासूबाईंचे कान मात्र शाबूत होते.

"फ्रिज घेतलास? माझा मुलगा तिकडे मनोऱ्यावर चढून तारा ओढतोय, जीव टांगणीला लावून. आणि महाराणी इकडे गुपचूप फ्रिज घेतात."

"आई, तुम्ही यात नका ना बोलू."

"का? माझ्या बोलण्याचंही बिल येतं का तुला?"

एजंटाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. "ही तिसरी कंपनी बघा, ताई. हिच्यासारखी दुसरी नाही. दर वर्षभर बदलणार नाही, बिल निम्म्यावर येईल. अट एकच. त्यांचा माणूस येऊन मेन स्विच पाडणार आणि सगळं वायरिंग तपासणार. कुठली तार कुठं जाते ते."

मशीन थांबलं.

"ती नको."

"अहो, निम्म्यावर म्हणतोय मी."

"नको म्हटलं ना. दुसरी दाखवा."

"चोराच्या मनात चांदणं," सासूबाई म्हणाल्या. "बघ बाबा, नीट बघून घे. माझंही घर एवढंच आहे. उन्हाळाभर फ्रिजचं गार पाणी पिते, पंख्याखाली झोपते, आणि बिल येतं पोस्टाच्या तिकिटाएवढं. वीज वाचवायला अक्कल लागते. ती माहेरून आणावी लागते, सासरी मिळत नाही."

"एवढं कमी, आजी?" एजंटानं कपाळाला आठी घातली. "मीटर बरोबर आहे ना?"

"मीटर बरोबर आणि मीही बरोबर. भिंत झाली तेव्हा दोन्हीकडचं वायरिंग माझ्या मुलानं एकट्यानं केलंय. वायरमनच्या आईनं बाहेरचा वायरमन बोलवला असता, तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. त्याच्या कामात खोट नाही. खोट आहे ती हिच्यात. हिनं नंतर काहीतरी जोडून घेतलंय."

"ते आत्ता कळेल," एजंट उठला. "आतलं सगळं चालू ठेवून मेन पाडायचा. तरी आत काही चालू राहिलं, तर मीटरच्या आधीच तारेवर आकडा टाकलाय समजायचं."

सून ताडकन उठून बोर्डासमोर उभी राहिली. मांडीवरच्या कॉलरी जमिनीवर सांडल्या.

"हात लावू नका," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला त्या गल्लीत कुणी ऐकला नव्हता. "मला कंपनी बदलायचीच नाही. तुम्ही जा."

"आत्ता तर लाइन कापतील म्हणून रडत होतीस," सासूबाई म्हणाल्या.

"कापणार नाहीत. मी भरीन. आणखी कॉलरी घेईन, पण भरीन."

"का? काय लपवतेस?"

"काही नाही."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

सुनेनं बघितलं नाही. "त्यांनी शपथ घातलीय मला," ती हळू म्हणाली.

"शपथ." सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "आधी मुलगा फोडलास, मग घर फोडलंस. आता त्याच्या गळ्यात स्वतःची चोरी बांधतेस? तो शपथ घालेल? आईपासून लपवायला?"

"आई, पाया पडते. आज नको. ते आले की त्यांनाच विचारा."

"विचारते तर. आधी बघते, मग विचारते."

आणि सासूबाईंनी उंबरा ओलांडला. पदर खोचला, सुनेला खांद्यानं बाजूला सारलं आणि मेन स्विच खटकन खाली ओढला.

मशीनवरचा दिवा गेला. एजंटानं पंख्याचं बटण दाबून पाहिलं.

"सगळं बंद झालंय, आजी," तो म्हणाला. "चोरी नाही."

सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. भिंतीपलीकडे गाणं अर्ध्या ओळीत थांबलं होतं.