उजव्या गालाचं माप
कारखान्यातल्या स्फोटात ताईचा डावा गाल आणि कान गेला, तेव्हापासून एका नर्सशिवाय तिने कोणालाही चेहरा दाखवला नव्हता. कृत्रिम गाल बनवण्यासाठी तिच्या उजव्या बाजूचं थ्री-डी स्कॅनरने माप घ्यायचं होतं, पण ती स्कार्फ सोडायलाच तयार होईना. “आम्ही दोघी सारख्याच दिसतो. माझं माप घ्या,” मी तंत्रज्ञ बाईंना म्हणाले. त्यांनी नाखुशीने मला खुर्चीवर बसवलं. स्कॅनरचा प्रकाश माझ्या गालावरून सावकाश सरकू लागला. “रडू नका हो, कातडी ओली झाली की माप चुकतं.” मी दात आवळले, तरी डोळे वाहायचे थांबेनात. “ऊठ तिथून,” मागून ताई कडाडली. “माझ्या तोंडाचं माप तू कशाला देतेस?” ती खुर्चीत बसली. ती स्कार्फची गाठ सोडू लागली. मी हात पुढे केला, तो तिने झटकला. स्कार्फ मांडीवर पडला. “एका जागी नजर ठेवा, हलू नका,” बाई म्हणाल्या. “तू समोर उभी राहा,” ताई मला म्हणाली. “खबरदार मान वळवलीस तर.” प्रकाश तिच्या कपाळावरून उतरला, उजव्या गालावरून फिरला, कृत्रिम गाल बसवायची जागा टिपायला गेलेल्या गालापाशी रेंगाळला, पुढे गेला. आम्ही एकमेकींकडे बघत होतो. “झालं,” बाई म्हणाल्या. ताईने हळूच मला विचारलं, “नर्स म्हणते, फारसं काही कळत नाही. खरंच?” मी म्हणाले, “नाही ताई. चांगलंच कळतं.” तिने मोठा श्वास सोडला. “चला, कोणीतरी खरं बोललं एकदाचं.”