अर्जासाठी एडिटर

अठ्ठ्याण्णव साली मलकापुरात कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स वापरणारा मी एकटाच. साताऱ्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिक्षकाची जागा निघाली, तेव्हा अर्जही लिनक्सवरच टाईप करायचा हट्ट धरला. टाईप करायला एडिटर हवा, म्हणून 'व्हीआय'मध्ये शिरलो तर बाहेर पडता येईना, शेवटी मशीनच बंद केलं. 'ईमॅक्स'मध्ये एकेका कामाला तीन-तीन बटणं दाबून बोटं वाकडी झाली. तिसरा एडिटर, चौथा एडिटर करत आठ दिवस गेले.

आज पाचला मुदत संपणार. अर्ज पोचवायला वडील चपला घालून दारात.

"झालं का रं?"

"हे घ्या अण्णा, निघाली प्रिंट!"

फौजेतली सवय, म्हणून त्यांनी जाहिरातीचं कात्रण काढून अर्जाशी ताडून पाहिलं.



"मिलिंद, 'अर्ज स्वहस्ताक्षरात करावा' म्हंजे हातानंच लिवायचा न्हवं रं?"