हरायचं टेंडर

कारकुनानं शर्टाच्या खिशातून चार पेनं काढून टेबलावर ओळीनं मांडली. एक निळं, एक काळं, एक हिरवट शाईचं आणि एक जरासं गळणारं.

"हे काय आहे?" तपास अधिकाऱ्यानं विचारलं.

"ऑक्सिजनच्या चार कंपन्या आहेत ना, साहेब. चौघांचीही टेंडरं मीच लिहितो. पंधरा वर्षं झाली."

अधिकाऱ्यानं दार लावून घेतलं.

सरकारी दवाखान्याला सिलिंडर पुरवायचं टेंडर दर वर्षी निघे. त्याच्या आधी चारही मालक एका खोलीत चहाला बसत आणि यंदा नंबर कुणाचा ते ठरवत. गावात त्यांना चौकडी म्हणत. तिच्या आधी लागणारा शब्द मात्र कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. मालक चहा पिऊन उठले की कारकुनाचं काम सुरू होई. जिंकायचं टेंडर कुणीही लिहील. हरायचं लिहायला हात लागतो. एकानं थोडक्यात हरायचं, दुसऱ्यानं बरंच. तिसऱ्याच्या कागदावर शाईचा डाग हवा, बेरजेत एक खाडाखोड हवी, म्हणजे माणूस वेंधळा वाटतो. गळणारं पेन त्याचं. इतक्या वर्षांत कुणाला शंका आली नव्हती. कारकुनाला त्याचा थोडा अभिमानही होता.

"मग आता का आलात?"

कारकुनानं गळणाऱ्या पेनाचं टोपण घट्ट लावलं.

"बायकोला त्याच दवाखान्यात ठेवलं होतं. श्वास लागायचा तिला. दोन खाटांमध्ये एक सिलिंडर. नर्स अर्ध्या अर्ध्या तासानं नळी इकडून काढून तिकडे लावायची. मी ओरडलो तिच्यावर. ती म्हणाली, आजोबा, दर दुप्पट झालाय, तेवढ्याच पैशांत निम्मेच येतात, मी तरी काय करू." त्यानं चष्मा काढला. "तो दर मी लिहिला होता, साहेब. सुवाच्य अक्षरात."

"आणि त्या?"

"गेली. शेजारच्या खाटेचा अर्धा तास चालू होता तेव्हा."

अधिकाऱ्यानं पाण्याचा पेला पुढे सरकवला. कारकुनानं तो घेतला नाही.

"आई गेल्यावर मुलीनं स्वतःचा प्लँट टाकला. निम्म्या दरात देते म्हणाली. चौकडीनं सगळ्या दुकानदारांना निरोप धाडला, हिला झडपा विकाल तर आमचं गिऱ्हाईक विसरा. झडपेशिवाय सिलिंडर म्हणजे नुसता लोखंडी डबा. आठ महिने प्लँट बंद आहे. सहा कामगार रोज येतात, फरशी पुसतात, घरी जातात."

"तुम्ही काय लिहिता ते मुलीला माहीत आहे?"

"नाही. तिला वाटतं, बाप टायपिंग करतो."

अधिकाऱ्यानं कोरा कागद काढला. "नियम सांगतो. जो पहिला येऊन सगळं कबूल करतो, त्याला माफी. बाकी कुणालाही नाही. आज या क्षणापर्यंत जे जे सामील आहेत, त्यांची नावं लिहा. एक जरी राहिलं, तरी तुमची माफी गेली."

"माझं काही नाही हो. मुलीचा रस्ता मोकळा झाला म्हणजे पुरे."

त्यानं चार नावं लिहिली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच चौघांना एकच शाई लागली.

"चारच?"

"चौकडीच ती, साहेब. पाचवा कुठून यायचा?"

खाली त्यानं सही केली. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले होते. अधिकाऱ्यानं चारही पेनं पाकिटात घालून पाकीट सीलबंद केलं. पुरावा म्हणून.

घरी परतताना कारकुनाला गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकू आला. घरामागच्या प्लँटचा कॉम्प्रेसर धडधडत होता. आठ महिन्यांनी. त्याची पावलं आपोआप भरभर पडू लागली. कामगार सिलिंडर ओढत होते, एकमेकांना शिव्या देत होते, हसत होते.

मुलगी ऑफिसात बसली होती. ती हसत नव्हती.

"झडपा मिळाल्या?" त्यानं दारातूनच विचारलं.

"सकाळी आल्या. त्यांच्याच गाडीतून."

"कुणाच्या?"

"बसा ना, बाबा." तो बसला नाही. "सहा घरं आहेत माझ्यावर. किती दिवस नुसती फरशी पुसायला लावू त्यांना? आईची शपथ घेऊन प्लँट टाकला, मान्य आहे. पण शपथेनं काही मोटर फिरत नाही."

"काय केलंस तू?"

"त्या चौघांच्या करारावर सही केली. दहा वाजता."

"दहा," कारकून म्हणाला.

"पाचव्या वर्षी माझा नंबर. आधी घेतच नव्हते. मग थोरले मालक म्हणाले, आपल्या कारकुनाची पोर, म्हणजे घरचीच. तुमच्या इमानावर घेतलं मला." ती खाली बघत म्हणाली, "तुमचं काम काय ते आज कळलं, बाबा. मी काही बोलणार नाही. आता कुठल्या तोंडानं बोलू?"

तिनं खणातून एक कोरं टेंडर काढलं आणि टेबलाच्या या टोकाला सरकवलं.

"यंदा मला हरायचंय. ते तुम्हाला छान जमतं म्हणाले."

सवयीनं कारकुनाचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.