जास्तीचा वेढा

“दाजी, बोया बंद. मग नाव बांधू कुठे, तुमच्या गळ्यात?” मेहुणा म्हणाला आणि त्यानं नांगर सोडून दिला.

प्रवाळावर नांगर पडू नयेत म्हणून नावा बांधायला ठेवलेल्या त्या तरंगत्या बोयावरचं लाल फडकं पाणबुड्यानंच बांधलं होतं. तळाची कडी ढिली झालीय, असं तो सगळ्यांना सांगत होता. मुलीलाही. कडी धडधाकट होती. झिजला होता तो बोया कडीला बांधणारा दोर.

वर्ष भरलं की दोर बदलायचा, हा या कामाचा नेम. पण हा त्याच्या बायकोच्या हातचा शेवटचा दोर होता. ती दारात बसून दोराचे पीळ सोडायची, ते एकमेकांत विणून फास करायची आणि शेवटी एक वेढा जास्तीचा घालायची. तसा वेढा दुसरं कुणी घालत नसे. आता ती नव्हती. दोर कापायला त्याचा हात धजेना, आणि झिजल्या दोराला नाव बांधू देणंही बरं नव्हतं. मुलीनं विणलेला नवा दोर महिनाभर होडीत पडून होता. “तुझी वीण अजून कच्ची आहे,” असं म्हणून त्यानं तो बाजूला ठेवला होता.

नांगर कुठे पडला ते बघायला तो होडीतून पाण्याखाली उतरला. वाऱ्यानं मेहुण्याची नाव सरकली होती आणि नांगर प्रवाळातून फरफटत गेला होता. मोडलेल्या फांद्या पांढऱ्याफटक दिसत होत्या. नांगर पडल्याचा आवाज आला की बायको सख्ख्या भावाचीही गय करायची नाही.

त्यानं सुरी काढली आणि दोर कापला.

वर होडीत मुलीनं बोया धरून ठेवला होता. त्यानं कापलेला दोर तिच्या मांडीवर ठेवला. “नीट ठेव. तुझ्या आईच्या हातचा शेवटचा.”

मुलगी दोराकडे बघत राहिली. “बाबा, म्हणून बोया बंद होता?”

त्यानं मान डोलावली.

“हा जुनाही मीच विणलाय. आईनं करायला घेतला होता, पण तिचे हात चालेनात. तिनं सगळा उसवला आणि मला शेजारी बसवून पहिल्यापासून करायला लावला. म्हणाली, बाबांना आत्ताच सांगू नकोस, ते नावा बांधू देणार नाहीत. वर्षभर टिकला की मग सांग.”

पाणबुड्यानं फासावरून अंगठा फिरवला. जास्तीचा वेढा जागेवर होता.

मुलीनं बोयावरचं लाल फडकं सोडलं. त्यानं नव्या दोरासाठी हात पुढे केला.