अकरावं पाऊल

पहिल्या दहा मिनिटांतच भूत दाखवायचं, तेही लख्ख उजेडात, असं पटकथाकार बाईंनी सांगितलं तेव्हा दिग्दर्शकाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"अहो, पण कादंबरीत तीनशे पानं ते दिसतच नाही. नुसती पावलं ऐकू येतात. पुस्तक वाचल्यावर आठवडाभर मी दिवा लावून झोपत होतो," तो म्हणाला. "तुमची पटकथा वाचताना मात्र डोळा लागला."

"वाचणारा आपली भीती आपणच तयार करतो. बघणाऱ्याला ती ताटात वाढावी लागते," ती शांतपणे म्हणाली. "पांढरी बुबुळं. वीतभर नखं."

शेजारी बसलेल्या निर्मात्याने मान डोलावली. नखं त्याला एकदम पटली.

पुस्तकातली भीती पडद्यावर कशी न्यायची, हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. वीस वर्षं तिने तेच केलं होतं. दार किती सावकाश उघडायचं, आवाज नेमका कुठे तोडायचा, प्रेक्षकाला काय दाखवायचं नाही. भीतीत जीव कसा ओतायचा हे कळणाऱ्याला तिचा जीव कसा घ्यायचा हेही कळतं.

कादंबरीकार तिचे सख्खे भावोजी होते. ताईचे यजमान. माहेरी सगळे हिला धाकटीच म्हणत, आणि या धाकटीला अंगाखांद्यावर वाढवलं होतं ते ताईने. ताईच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा "हे पुस्तक एकदा हातावेगळं होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला," असं म्हणत भावोजींनी चार महिने काढले. पुस्तक बाजारात आलं आणि पंधरा दिवसांत ताई गेली. भेटायला आलेली माणसंसुद्धा पुस्तकाचंच कौतुक करत होती. भावोजी हात जोडून ते ऐकून घेत होते. त्या दिवसापासून धाकटीने त्या घराची पायरी चढली नव्हती.

बारा वर्षांनी मालिकेसाठी कंपनीचा फोन आला. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने होकार दिला.

तोवर तिने पुस्तकाला हात लावला नव्हता. आता वाचायला घेतलं आणि सातव्या प्रकरणाशी ती थांबली. दोन बहिणी पलंगाखाली दडून बसल्यात. बाहेर पावलं वाजतात आणि थोरली ती मोजते. दहा होतात. अकरावं वाजतच नाही.

ते त्यांचं लहानपण होतं. बाबा पिऊन आले की ताई तिला पलंगाखाली ओढायची आणि कानात पावलं मोजायची. अकराव्याला बाबा खोलीच्या दारात असायचे. हे जगात दोघींनाच माहीत होतं. म्हणजे ताईने विश्वासाने नवऱ्याला सांगितलं, आणि या माणसाने तेही बाजारात मांडलं!

ते प्रकरण तिने सर्वांत शेवटी लिहिलं. पलंगाखाली बहिणींच्या मध्ये एक ढेरपोट्या नोकर घातला. नवव्या पावलाला त्याला शिंक आली. दहाव्याला पलंग मोडला.

"हे नको ना," दिग्दर्शक काकुळतीला आला. "त्या सातव्या प्रकरणासाठी तर मी ही मालिका घेतली."

"लोकांना हसूही हवं असतं," ती म्हणाली. निर्माता आधीच हसत होता.

मालिका आली आणि लोक हसले. पोट धरधरून हसले. मुलं कागदाची नखं लावून एकमेकांच्या अंगावर धावू लागली. शिंकेचा प्रसंग घरोघरी फिरला. एका समीक्षकाने लिहिलं, 'ही कादंबरी मुळातच इतकी बाळबोध होती का? आपण तेव्हा नक्की कशाला घाबरलो होतो?' ते वाक्य धाकटीने तीनदा वाचलं. प्रकाशकाने नवी आवृत्ती थांबवल्याचं कळलं, त्या दुपारी ती बारा वर्षांनी ताईच्या घरी गेली.

दार भावोजींनीच उघडलं. ते थकले होते, केस पार पिकले होते. काही न विचारता त्यांनी चहा टाकला.

"बघितलीत?" तिने विचारलं.

"दोनदा."

"मुद्दाम केलं मी ते. एकेक प्रसंग शोधून शोधून मारला. ताईला चार महिने तडफडत ठेवलंत ना ज्या पुस्तकासाठी, त्याचं हसं केलं. आता तुमचं नाव काढलं की लोकांना शिंक आठवेल."

इतकी वर्षं घोकलेलं बोलून झालं होतं.

भावोजी उठले. आतून तीन जाडजूड वह्या आणून त्यांनी तिच्यापुढे ठेवल्या. तिने वरची उघडली. ताईचं उजवीकडे झुकणारं, बारीक अक्षर. खाडाखोड, समासातल्या सूचना, नव्याने लिहिलेली वाक्यं. पहिल्या पानावर एकच ओळ होती: 'धाकटीला, पलंगाखालून.'

तिने भराभर पानं उलटली. सातवं प्रकरण पेन्सिलीने लिहिलेलं होतं. तिथे अक्षर थरथरत होतं.

"अंथरुणावर लिहिलं ते," भावोजी म्हणाले. "माझं नाव खपत होतं, म्हणून माझं घातलं. तिचीही ना नव्हती."

धाकटी पुन्हा पहिल्या पानावर आली.

"माझी स्वतःची नऊ पुस्तकं आहेत. पण जो भेटेल तो हात धरून या एकाबद्दलच बोलतो. बारा वर्षं मी मान खाली घालून ऐकलं. या महिन्यात मात्र एकानेही विषय काढला नाही."

त्यांनी तिचा कप तिच्यापुढे सरकवला.

"पटकथेला कंपनीला दुसराच कोणी हवा होता. धाकटीच हवी, म्हणून मी हटून बसलो."