रॉविनाचे केस

लग्नाला चार दिवस उरले होते. कट्टा गावातल्या आपल्या पार्लरमध्ये संजनाने रॉविनाच्या टाळूवरून कंगवा फिरवला आणि विचारलं, “केस इतके विरळ कशान झाले गो?”

या प्रश्नाला रॉविना नेहमी ‘टायफॉइड’ म्हणायची. आज तिला खोटं बोलायचा कंटाळा आला.

“ल्हान असताना कॅन्सर झालेलो. डोक्याक रेडिएशनचे शेक दिलेले. एकोणीस वर्षां झाली, पण केस काय धड इले नाय.”

संजनाचा हात थांबला. आता ‘नवऱ्याक म्हायत आसा?’ असं ती विचारणार, या अंदाजाने रॉविना मनात उत्तर जुळवू लागली.

पण संजना बाजूच्या स्टुलावर बसली. “माझ्या चेडवाक तोच आजार आसा,” ती हळू आवाजात आपल्या मुलीबद्दल म्हणाली. “सात वर्षांचा आसा. लगीन झाला काय नवऱ्याक घेऊन आमच्या घराक येशीत?”

“केसांचा समजावूक?”

“नाय गो. केसांचा तेका कायच वाटणा नाय. पण ह्या दुखण्यातसून उठून मोठा झालेला माणूस आमी कोणीच अजून बघूक नाय.”