तळघराची पैज

"त्या डबीचं नाव काढू नकोस," सासऱ्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच सांगितलं. "उभा जन्म या तळघरात घड्याळं दुरुस्त केली. मेलो का?"

"मग रात्रंदिवस खोकता कशाला, बाबा?" सून म्हणाली.

दारातल्या नर्सबाई हसल्या. गाव खडकावर वसलेलं. त्या खडकातून रेडॉन नावाचा वायू वर झिरपतो, बंद खोलीत साठतो आणि हळूहळू फुप्फुसं पोखरतो, हे त्या घरोघर सांगत फिरत होत्या. त्याला ना रंग, ना वास. म्हणून प्रत्येक घरात तपासणीची एक डबी.

शेवटी पैज लागली. सासऱ्यांनी डबी तळघरात ठेवायची; हवा वाईट निघाली तर तळघर सोडायचं. चांगली निघाली तर सुनेने पुन्हा अवाक्षर काढायचं नाही. सासरे झटकन कबूल झाले, याचं तिला नवल वाटलं. एरवी चहात साखर किती, यावरही हा माणूस तास घालवायचा.

तळघरावर तिचा पहिल्यापासून राग. कोंदट, अंधारं, भिंतींचे पोपडे निघालेले. उलट मागे खडक फोडून बांधलेली नवी खोली तिने कशी आरशासारखी ठेवली होती! बाळ झाल्यापासून तर खिडक्यांच्या फटींतही चिंध्या कोंबल्या होत्या. वाऱ्याची काय बिशाद आत यायची!

मुदत संपली, नर्सबाई आल्या. सासऱ्यांनी शीळ घालत स्वतःच डबी आणून दिली. तिच्यावर पांढरी भुकटी होती.

"बघा, पोपडे," सून म्हणाली. सासरे मिशीतल्या मिशीत हसले.

निकाल घेऊन नर्सबाई पुन्हा आल्या तेव्हा मात्र हसल्या नाहीत.

"धोक्याच्या रेषेच्या चौपट. अख्ख्या गावात एवढा कुठेच नाही. पण वेळेवर कळलं. पंखा आणि नळी बसवून वायू बाहेर काढता येतो."

सुनेचा आनंद गगनात मावेना. या तऱ्हेवाईक म्हाताऱ्यावर तिचा जीव होता, आणि आज तिने त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं.

"जिंकले, बाबा! आजपासून तळघराला कुलूप. तुमचा पलंग नव्या खोलीत, नातीशेजारी. आता दारं-खिडक्या लावून मस्त उबेत झोपा."

ती वाद घालायला कंबर कसून उभी राहिली. पण सासरे उठले, चपला न घालता धावत नव्या खोलीत गेले आणि झोपलेल्या नातीला छातीशी धरून तडक अंगणात आले.

"सूनबाई," ते धापा टाकत म्हणाले, "डबी मी हिच्या पाळण्याखाली ठेवली होती."